गाणारा हेर

आपल्या समाजात वादाच्या विषयांची वानवा कधीच नव्हती. सणाच्या मिरवणुकीत कोणत्या आळीने पुढे चालावे, लग्नाला बँड कोणत्या गावचा आणावा, रविवारची मिस्सा मराठीत असावी की इंग्रजीत, या प्रश्नांवर पिढ्यान्‌पिढ्या बोलणे झाले आहे आणि पुढेही होईल. परंतु गोराईला आमच्या घरात जो वाद सर्वांत अधिक काळ चालला, तो यांपैकी कशावरही नव्हता. हेरकथेत गाणे असावे की नसावे, हा तो वाद होता. विषय क्षुल्लक दिसतो. पण क्षुल्लक विषयावरचा वाद वीस वर्षे टिकला, तर त्याच्या तळाशी क्षुल्लक नसलेले असे काही तरी असते. ते काय होते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

गोराई आणि बोरिवली यांच्यामध्ये खाडीचे पाणी आहे. पलीकडचे दिवे आमच्याकडून दिसतात. पण रात्रीची शेवटची होडी सुटली की ते नुसते पाहण्यापुरतेच उरत. उत्तनवरून भाईंदरला जाणारा रस्ता आहे, तो लांबचा. त्यामुळे त्या काळी आमच्याकडचा माणूस सिनेमाला गेला, तरी त्याचे अर्धे लक्ष पडद्यावर आणि अर्धे होडीच्या वेळेवर असे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर काही वर्षांनी आमच्या आळीत पहिला संच आला आणि रविवारी संध्याकाळचा हिंदी चित्रपट होडीची चिंता न करता पाहता येऊ लागला. संच आमच्या घरी होता. आळीतील पंचवीस-तीस माणसे आतल्या खोलीत आणि ओटीवर दाटीवाटीने बसत.

हेरगिरीचा चित्रपट असला की या गर्दीत एक चमत्कारिक हालचाल दिसे. गाणे सुरू झाले की थोरले काका आणि त्यांच्या मताची चार-सहा मंडळी पाणी प्यायला किंवा विडी ओढायला अंगणात जात. आणि त्याच क्षणी आजी व तिच्या मताच्या बायका चुलीपुढचे काम टाकून आत येत. गाणे संपले की पुन्हा अदलाबदल. एकाच चित्रपटाचे असे दोन प्रेक्षकवर्ग आमच्या घरात होते आणि दोघांनाही आपण संपूर्ण चित्रपट पाहिला याबद्दल शंका नसे.

काकांचा पक्ष तर्काचा होता. ते गिरणीत टाइमकीपर होते, त्यामुळे मिनिटांचा हिशेब त्यांच्या रक्तातच होता. ते म्हणत, "सहा गाणी, दर गाण्याला चार मिनिटे, म्हणजे चोवीस मिनिटे. तेवढ्या वेळात शत्रू खाडी ओलांडून उत्तनला पोचला असता." त्यांचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. हेराचे पहिले भांडवल म्हणजे कोणाच्याही नजरेत न भरणे. जो माणूस भर बागेत, शंभर वाद्यांच्या साथीने, हात पसरून गातो, तो हेर कसला? आणि शत्रूची माणसे काय बहिरी आहेत?

काकांची जडणघडण बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर झाली होती. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड आणि धनंजय ही त्यांची माणसे एका पिढीच्या घरातलीच झाली होती. पुस्तकात गाणे वाजत नाही. पान उलटले की कथा पुढे सरकते. पडद्यावरच्या रहस्यकथेकडून काकांची तेवढीच अपेक्षा होती, आणि ती अशक्य नाही याचे पुरावे त्यांच्यापाशी होते. बी. आर. चोप्रा यांनी १९६० साली 'कानून' हा चित्रपट एकाही गाण्याशिवाय काढला. त्यांचे धाकटे बंधू यश चोप्रा यांनी १९६९ साली 'इत्तेफाक' तसाच काढला. दोन्ही चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतले. पुढे १९८५ साली दूरदर्शनवर गाजर खाणारा 'करमचंद' आला, १९९३ साली 'ब्योमकेश बक्षी' आला, तेव्हा काकांना आपला खटला जिंकल्यासारखे वाटले. तपास करणारा माणूस गात नाही, विचार करतो, हे आता सरकारनेच मान्य केले, असे ते म्हणत.

त्यांचा सर्वांत आवडता साक्षीदार मात्र १९९४ साली आला. 'तहकिकात' या मालिकेतील गुप्तहेराचे नाव होते सॅम डिसिल्वा. हिंदी पडद्यावर आपल्या आडनावाचा माणूस बहुधा दारूच्या अड्ड्यावर किंवा खलनायकाच्या पाठीमागे दिसे. इथे तो चक्क नायक होता, बुद्धिमान होता आणि न गाणारा होता. ही भूमिका करीत होते विजय आनंद. ज्यांनी 'गाईड', 'तीसरी मंझिल', 'ज्वेल थीफ' या चित्रपटांतून गाण्याचे चित्रण कसे करावे याचा धडाच घालून दिला, तेच गृहस्थ उतारवयात गाण्याविना हेरगिरी करीत होते. काकांच्या मते हा पश्चात्ताप होता. आजी म्हणे, "पश्चात्ताप नव्हे. त्याची गाणी संपली असतील."

आजीचा पक्ष अनुभवाचा होता. तिचे म्हणणे एका वाक्यात सांगता येते: जो माणूस गात नाही, त्याचाच गावाला आधी संशय येतो. आपल्याकडच्या लग्नात हे कोणालाही पटेल. आदल्या दिवशी विहिरीवरून पाणी आणायला बायका बँडसह निघतात, रात्री घुमटावर थाप पडते, एकीने ओळ टाकली की दुसरीने उचलायची, हा शिरस्ता. त्या मांडवात एखादा पाहुणा ओठ मिटून भिंतीशी उभा राहिला, तर दहा मिनिटांत चौकशी सुरू होईल की हा कोणाकडचा. तेव्हा हेराला खरोखर लपायचे असेल, तर त्याने गायला हवे. शांत उभा राहणारा हेर काकांच्या पुस्तकात शोभेल. गोराईत तो मिसळणार नाही.

आणि आजीपाशीही साक्षीदार होता. १९६७ सालच्या 'फर्ज' या चित्रपटात जितेंद्र एजंट ११६ झाला होता. एका सहकारी हेराच्या मृत्यूचा तपास करताना त्याची नायिकेशी भेट होते आणि पुढे संशयाची सुई तिच्याच वडिलांकडे वळते. या चित्रपटात नायिकेच्या वाढदिवसाला मोहम्मद रफींच्या आवाजात जे गाणे आहे, ते आज आपल्यापैकी कोणाच्या घरी वाजलेले नाही? पहिल्या वर्षाच्या केकपासून पंचाहत्तरीच्या जेवणापर्यंत बँडवाल्याला सांगावे लागत नाही. तो आपण होऊनच ती चाल धरतो. एजंट ११६ ने कोणाचा कट उधळला, ते आता फारच थोड्यांना आठवत असेल. ते गाणे हेरकथेतले आहे, हेही लोक विसरले आहेत. कथा गेली आणि गाणे राहिले. आजी म्हणे, "आता सांगा, पाणी कोणी प्यायला जायचे?"

हा झगडा आमच्या आळीत उपजलेला नाही, हे मला पुढे वाचनातून कळत गेले. मराठी रंगभूमीने तो शंभर वर्षे भोगला आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' आणि त्यानंतर 'सौभद्र' गाऊन दाखवले आणि मराठी माणसाला पदांची चटक लागली. बालगंधर्वांच्या काळात एकेका पदाला इतके वन्स मोअर मिळत की रात्रीचे नाटक पहाटेपर्यंत चाले. प्रेक्षक तृप्त होत. पण कथानक ताटकळत उभे राहते, अशी तक्रार नव्या पिढीने केली. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आले, त्यात गाणी मोजकी ठेवली आणि ती प्रसंगातून उगवतील अशी काळजी घेतली. काका आणि आजी यांच्या दोन्ही बाजू तेव्हाच मांडून झाल्या होत्या.

त्याहून मागे गेलो तर संस्कृतातील 'मुद्राराक्षस' भेटते. विशाखदत्ताचे हे नाटक हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचे. त्यात राजकारण आहे, कपट आहे, खोट्या पत्रांचे जाळे आहे. नायिकेचा शृंगार जवळजवळ नाहीच. चाणक्याने नगरात पेरलेला एक हेर पहिल्याच अंकात येतो. त्याच्या हातात यमाचे चित्र रंगवलेला पट आहे. असा पट दाखवीत, गाणी म्हणत दारोदार फिरणारे लोक त्या काळी असत. हेराने तोच वेष घेतला आहे. तो एका सावकाराच्या घरात शिरतो, पट पसरतो आणि गाऊ लागतो. ते ऐकून आतल्या दालनातून पाचएक वर्षांचे एक मूल कुतूहलाने बाहेर डोकावते. आत बायकांची गडबड उडते. एक स्त्री हात पुढे करून मुलाला मागे ओढते आणि त्या घाईत पुरुषाच्या मापाची अंगठी तिच्या बोटातून निसटून घरंगळत हेराच्या पायाशी येते. ती अंगठी म्हणजे चाणक्याचा प्रतिस्पर्धी राक्षस याची मुद्रा. पुढचे संपूर्ण नाटक त्या अंगठीवर उभे आहे.

मला हा प्रसंग आमच्या वादातला सर्वांत मोठा पुरावा वाटतो. इथे गाणे कथेला थांबवीत नाही, कथेचे दार उघडते. हेर मुकाट्याने गेला असता, तर मूल बाहेर आले नसते, अंगठी निसटली नसती आणि चाणक्याला दुसरा मार्ग शोधावा लागला असता. शिवाजी महाराजांचे हेरप्रमुख बहिर्जी नाईक यांच्याविषयीच्या आख्यायिकाही हेच सांगतात. फकीर, वासुदेव, गोंधळी अशी सोंगे ते घेत, असे परंपरेने आपण ऐकत आलो. यांतला गोंधळी, वासुदेव हा गाणारा माणूस आहे. पहाटे अंगणात येऊन गाणाऱ्याला कोणी विचारत नाही की तू कुठून आलास. गाणे हाच त्याचा परवाना.

खऱ्या हेरांच्या चरित्रांतही संगीत आढळते. जोसेफिन बेकर ही अमेरिकेत जन्मलेली आणि पॅरिसमध्ये गाजलेली गायिका दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या प्रतिकार चळवळीसाठी माहिती वाहून नेत असे. ती माहिती तिच्या गाण्यांच्या नोटेशनच्या कागदांवर अदृश्य शाईने लिहिलेली असे. गायिकेच्या पेटीत गाण्यांचे कागद असणारच. तपासणाऱ्याने त्यात काय पाहायचे? २०२१ साली फ्रान्सने तिला पॅरिसच्या पँथिऑनमध्ये स्थान दिले.

नूर इनायत खानची हकीकत अधिक करुण आहे आणि आपल्या अधिक जवळची. तिचे वडील हजरत इनायत खान बडोद्याचे. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात १८८६ साली संगीत शाळा सुरू केली होती. अशा घराण्यातली ही मुलगी पॅरिसमध्ये हार्प आणि पियानो शिकली, मुलांसाठी कथा लिहू लागली. आणि १९४३ च्या जूनमध्ये ब्रिटिशांची बिनतारी संदेशक म्हणून शत्रूने व्यापलेल्या फ्रान्समध्ये उतरली. संदेश ठोकणाऱ्या प्रत्येकाच्या हाताची लय वेगळी असते आणि जाणकार ऐकणारा त्या लयीवरून माणूस ओळखतो. ऑक्टोबरमध्ये ती पकडली गेली. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घालण्यात आली. मरणोत्तर जॉर्ज क्रॉस १९४९ मध्ये मिळाला. वीणा वाजवणाऱ्या बापाची, हार्प वाजवणारी मुलगी हेर होऊ शकते. दोन्ही गोष्टी एकाच माणसात राहू शकतात, हे तिने जगून दाखवले.

काकांकडे एक शेवटचे अस्त्र असे. ते म्हणत, "हेरकथेला संगीत लागतच असेल, तर जेम्स बाँडसारखे असावे. शब्द नाहीत, नाच नाही, नुसती धून." ती धून काका टेबलावर बोटांनी वाजवूनही दाखवीत. तिच्यासारखे निखळ हेरगिरीचे संगीत दुसरे नाही, असे त्यांचे मत होते आणि त्यावर आजीपाशी उत्तर नसे.

त्या धुनेचा जन्म कसा झाला, ते मी काकांच्या पश्चात वाचले. १९६२ सालच्या 'डॉ. नो' या पहिल्या बाँडपटाचे संगीतकार माँटी नॉर्मन. त्याआधी ते व्ही. एस. नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' या कादंबरीवर एक संगीतिका करीत होते. त्रिनिदादमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या कुटुंबाची ती कथा. संगीतिका रंगभूमीवर आलीच नाही. पण तिच्यातील एका पात्राच्या गाण्याची चाल नॉर्मन यांच्याजवळ पडून होती. सतारीच्या वळणाची ती चाल त्यांनी बाँडसाठी काढली, जॉन बॅरी यांनी तिला गिटार आणि पितळी वाद्यांचा साज चढवला, आणि जगातील सर्वांत प्रसिद्ध हेराला त्याची ओळख मिळाली. म्हणजे ज्या सुरावटीला काका शब्दांपासून मुक्त समजत, ती मुळात गाणेच होती, आणि तेही परमुलखात नशीब काढायला गेलेल्या एका भारतीय कुटुंबाच्या कथेतले. आजी हयात असती, तर तिने हे ऐकून फक्त चुलीकडे तोंड करून हसून घेतले असते.

इथवर वाद दोन पक्षांचा होता. परंतु आमच्या घरात तिसरा एक माणूस होता, जो या वादात कधीच बोलला नाही. ते म्हणजे माझे मामा.

मामा ट्रम्पेट वाजवीत. लग्ने, मिरवणुका, मयतीची वरात हे त्यांचे नेहमीचे काम. परंतु साठ आणि सत्तरच्या दशकांत त्यांना अधूनमधून चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाचेही बोलावणे येई. पहाटेच्या पहिल्या होडीने ते निघत. वाद्याच्या पेटीला खाडीचे पाणी लागू नये म्हणून ती मेणकापडात गुंडाळलेली असे. स्टुडिओत स्टँडवर नोटेशनचे कागद ठेवलेले असत. दोन-चार तालमी होत आणि मग गायक व संपूर्ण वाद्यवृंद यांचे एकत्रच ध्वनिमुद्रण होई. साठ वादकांपैकी एकाचा सूर हलला की सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवायचे. संध्याकाळी पैसे हातात घेऊन ते परत येत. चित्रपट कोणता, हे त्यांना कोणी सांगत नसे आणि विचारण्याची पद्धतही नव्हती. मामांच्या वहीत तारीख आहे, मिळालेले पैसे आहेत. चित्रपटाचे नाव एकाही पानावर नाही.

ऐंशीच्या दशकात भाड्याने व्हिडिओ आणण्याची टूम निघाली. रात्रभरासाठी यंत्र आणि तीन चित्रफिती होडीतून येत. काकांच्या हाती आता पाणी प्यायला उठण्याहून प्रभावी साधन आले होते. गाणे सुरू झाले की ते बटण दाबत आणि नायक-नायिका मुकेपणाने, झटके आल्यासारखी बाग ओलांडून पळत. चार मिनिटांचे गाणे वीस सेकंदांत आटपे. आजी तेव्हा थकली होती, तिचा विरोधही थकला होता.

एका रात्री हेरगिरीचाच कसला तरी चित्रपट लागला होता. काकांनी सवयीप्रमाणे गाणे पळवले. तेव्हा कोपऱ्यात बसलेले मामा म्हणाले, "दादा, ते जरा मागे घ्या. त्यात कुठे मी आहे का बघतो."

खोलीत कोणी काही बोलले नाही. काकांनी फीत मागे घेतली. गाणे पहिल्यापासून लागले आणि त्या रात्री कोणीही अंगणात गेले नाही. दुसऱ्या कडव्याच्या आधी ट्रम्पेटचा एक लहानसा तुकडा आला, फार तर चार-पाच सेकंदांचा. मामा मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "मी नव्हे. पण माणूस चांगला आहे."

काकांनी त्यानंतर ते बटण गाण्यासाठी कधी दाबले नाही. मत मात्र त्यांनी बदलले नाही. गाणे लागले की ते पूर्वीप्रमाणे उठून पाणी प्यायला जात. मला दोन्ही गोष्टींबद्दल त्यांच्याविषयी आदर वाटतो. मत सोडणे आणि माणसाला जागा देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आमच्या वादाच्या तळाशी काय होते, ते मला त्या रात्रीच्या आठवणीतून कळते. काका आणि आजी दोघेही प्रेक्षक होते. गाण्याने आपल्याला काय मिळते किंवा आपले काय जाते, याचा त्यांचा हिशेब होता. परंतु हेरकथेतील संवाद, मारामारी, पाठलाग, यांत मामांसारख्यांना फारशी जागा नव्हती. त्यांचे आयुष्य गाण्यात होते, आणि तेही दोन कडव्यांच्या मधल्या फटीत. कोणी गाणे पळवले की एक संपूर्ण ओळीची माणसे पळवली जात.

ही माणसे पुष्कळशी आपलीच होती. गोव्यातील चर्चच्या शाळांतून, मुंबई-वसईकडच्या बँडमधून नोटेशन वाचण्याची विद्या आलेली. आणि मुंबईच्या चित्रपटसंगीताला तीच विद्या हवी होती. सी. रामचंद्र यांच्यासोबत चिक चॉकलेट ट्रम्पेट घेऊन उभे होते. शंकर-जयकिशन यांच्या चालींना भरगच्च वाद्यमेळ बांधून दिला तो सेबॅस्टियन डिसोझा यांनी. आणि 'फर्ज'चे ते वाढदिवसाचे गाणे ज्यांचे, त्या लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतील प्यारेलाल हे ट्रम्पेटवादक रामप्रसाद शर्मा यांचे पुत्र, आणि व्हायोलिन शिकले अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. गोन्साल्विस माजोर्ड्याचे. १९५८ साली त्यांनी भारतीय आणि पाश्चात्त्य संगीत एकत्र आणणारा वाद्यवृंद उभारून सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात कार्यक्रम केले. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले, आणि परतून गावी निवांत राहिले. २०१२ साली वारले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये अमिताभ बच्चन अंड्यातून बाहेर पडून ज्या नावाने आपली ओळख करून देतो, ते नाव प्यारेलाल यांनी आपल्या गुरूंना वाहिलेली दक्षिणा आहे. देशभर लोकांनी ते नाव गुणगुणले. ते एका खऱ्या माणसाचे आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होते.

एका शिष्याने एका गुरूचे नाव असे राखले. इतर शेकडो वादकांची नावे पडद्यावरच्या श्रेयनामावलीत आलीच नाहीत. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने मुंबईत येऊन अनेक वृद्ध वादकांना भेटून त्यांच्या आठवणी नोंदल्या. ते पुस्तक २००८ साली निघाले, तेव्हा बरेच जण निघून गेले होते. कधी कधी वाटते, हेरकथेतील खरे हेर तेच होते. दुसऱ्याच्या नावाने काम करायचे, काम फत्ते झाले की मागे खूण ठेवायची नाही आणि शेवटच्या होडीने घरी परतायचे.

आजच्या मुलांपुढे हा वाद वेगळ्या रूपात आहे. मोबाईलवर मालिका पाहताना गाणे टाळण्यासाठी उठावेही लागत नाही. परदेशी मालिकांत गाणे मुळातच नसते, म्हणून एखादा भाग गाण्यांचा केला की चाहत्यांत कडाक्याचे वाद होतात. काहींना तो सर्वोत्तम वाटतो, काहींना विश्वासघात. २००१ साली 'बफी' नावाच्या अमेरिकन मालिकेने असा एक भाग केला. तीत गावावर अशी काही मंत्रबाधा होते की प्रत्येकाला गावेच लागते, आणि गाताना जे मनात दडवले ते बाहेर पडते. ही कल्पना मला फार खोल वाटली. हेराचा धंदा लपवण्याचा, गाण्याचा धर्म उघड करण्याचा. म्हणून हेर गाऊ लागला की काही तरी पणाला लागते. 'ज्वेल थीफ'च्या अखेरीकडचे नृत्यगीत आजही श्वास रोखून पाहिले जाते, कारण त्या गाण्याचा विषयच एक दडवलेले गुपित आहे. जिथे असे काही पणाला लागत नाही, तिथे काकांचे बरोबर होते. पाणी पिऊन यावे. पण उठून जावे. पळवू नये.

गोराईचे आपले चर्च तीन राजांच्या नावाने आहे, म्हणून हा विषय संपवताना त्यांची आठवण होणे साहजिक आहे. मत्तयच्या शुभवर्तमानातील त्यांची कथा नीट वाचली, तर ती हेरकथाच आहे. हेरोद त्यांना गुप्तपणे बोलावतो, बाळाचा कसून शोध घ्या आणि मला येऊन सांगा, अशी कामगिरी देतो. म्हणजे त्यांना तो आपले हेर करू पाहतो. ते शोध घेतात. पण खबर न देता दुसऱ्या वाटेने निघून जातात. पाठोपाठ रात्रीचे पलायन, सरहद्द ओलांडून मिसरला आश्रय. या दोन अध्यायांत कोणीही गात नाही. काका खूश झाले असते. उलट लूकचे पहिले दोन अध्याय गाण्यांनी भरलेले आहेत: मरिया गाते, जखऱ्या गातो, देवदूत गातात, म्हातारा शिमोन गातो, तिथे हेरोदाचे कारस्थान नाही. ती आजीची बाजू. आपण नाताळात गव्हाण मांडतो तेव्हा लूकचे मेंढपाळ आणि देवदूत, मत्तयचे राजे आणि तारा, हे सर्व एकाच गोठ्यात ठेवतो, आणि कोणालाच ते विसंगत वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. त्या ज्ञानी पुरुषांची नावे मत्तयने दिलेली नाहीत. ते तीनच होते, असेही म्हटलेले नाही. गास्पर, मेल्कियोर, बाल्थाझार ही नावे पुढे कित्येक शतकांनी भक्तांनी दिली, कारण भेटी घेऊन एवढ्या लांबून आलेल्या माणसांना बिननावाचे ठेवणे त्यांच्या मनाला पटले नाही. नाव मागाहूनही देता येते. आपल्या धर्मग्रामांत आजही अशी घरे आहेत, जिथे माळ्यावर हिरवट पडलेले एखादे ट्रम्पेट, तार तुटलेले व्हायोलिन आणि तारखा व पैसे लिहिलेली वही आहे. ती वही वाचणारे कोणी वडीलधारे घरात असतील, तर त्यांच्याशेजारी बसून जुनी गाणी लावावीत, ती मध्ये कुठेही पळवू नयेत, आणि त्यांनी हात वर केला की त्या जागी चित्रपटाचे नाव आणि त्यांचे नाव वहीत लिहून ठेवावे.